पाहुणा, पाळी आणि श्रमदान
(विद्यार्थ्यांची ग्रामसेवा आणि खेड्यातील मुक्काम : एक अभ्यास)

— तृतीय वर्ष कला

आपले एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पद्मालयाला सहल गेली की भीम आणि बकासुर कोठे लढले, हे हात करून दाखविणारा एखादा जाणता भेटतोच. या आख्यायिकेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न मी इतिहास विभागाकडे सोपवितो. मला त्या कथेतील एका साध्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पांडव या नगरीत बकासुराला मारण्यासाठी आले नव्हते. ते एका ब्राह्मणाच्या घरी आश्रयाला राहिले आणि भिक्षा मागून जेवले. पुढे गाडाभर अन्न आणि एक माणूस राक्षसाकडे पाठविण्याची पाळी त्या यजमानाच्या घरावर आली. घरातले रडणे कुंतीच्या कानी पडले, तिने कारण विचारले, आणि मग भीम गेला. म्हणजे आधी मुक्काम, मग ऐकणे, मग विचारणे आणि सर्वांत शेवटी काम, असा हा क्रम आहे.

आज खेड्यात सेवेसाठी जाणारे आपण विद्यार्थी बहुधा हा क्रम उलटा करतो. काम आधीच ठरवून नेतो, वेळ उरला तर विचारतो, आणि ज्यांच्या गावात राहतो त्यांच्या घराचा उंबरा ओलांडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

थोडा पूर्वेतिहास

परक्या गावी जाऊन अंगमेहनतीने सेवा करावी, ही कल्पना आधुनिक स्वरूपात पहिल्या महायुद्धानंतर पुढे आली. स्वित्झर्लंडचे पिअर सेरेसोल यांनी १९२० साली फ्रान्समध्ये व्हेर्दूंजवळच्या एस्न या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या खेड्यात स्वयंसेवकांचे शिबिर भरविले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या राष्ट्रांतील तरुणांनी एकत्र येऊन घरे बांधावीत, हा त्यामागचा उदात्त हेतू होता. परंतु जर्मन स्वयंसेवकांच्या उपस्थितीला स्थानिक विरोध झाला आणि काही महिन्यांतच शिबिर गुंडाळावे लागले. हेतू कितीही चांगला असला तरी गावाचे मन वळल्याशिवाय काम उभे राहत नाही, हा धडा पहिल्याच शिबिराने दिला. हेच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर भारतात आले आणि मुझफ्फरपूर भागात पुनर्वसनाच्या कामात राबले.

आपल्या खानदेशलाही या परंपरेत मानाचे स्थान आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी तेथील सजावट बांबूसारख्या साध्या स्थानिक साहित्यातून केली. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. शहरातील पुढारी त्या वेळी खेड्याचे पाहुणे झाले, हे त्या अधिवेशनाचे वैशिष्ट्य विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत सहभागी होते. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, ही तिची रचना आपल्या परिचयाची आहे. याच सुमारास बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तेथे तरुण मुले कुष्ठमुक्त बांधवांसोबत राहू-राबू लागली.

सेवेचे पर्यटन

परदेशांत या सेवेला हळूहळू पर्यटनाची जोड मिळाली. विद्यार्थी सुटीत पैसे भरून दूरच्या देशातील खेड्यात जातात, एखाद्या कुटुंबात राहतात, शाळेत शिकवितात किंवा भिंत रंगवितात आणि परत येतात. या प्रकारावर फार पूर्वीच कठोर टीका झालेली आहे. विचारवंत इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे, मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच भाषण केले. मदत करण्यासाठी येऊ नका, पाहायला आणि शिकायला अवश्य या, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. पुढील काळाने ही भीती खरी ठरविली. कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांचा आणि देणग्यांचा ओघ वाढला तशी अनाथालयांची संख्या वाढत गेली. आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे पाहणीत आढळले. सेवेला मागणी आली म्हणून सेवा करवून घेणारे तयार झाले, असा हा विपरीत प्रकार आहे.

हे वाचून आपल्याला वाटेल, की हा परदेशातील श्रीमंतांचा प्रश्न; आपला त्याच्याशी संबंध काय? मलाही तसेच वाटत होते. परंतु आमच्या शिबिराचा अनुभव आठवला आणि तो समज मावळला.

आमच्या सात दिवसांचा हिशेब

आमचे शिबिर हिवाळ्यात तालुक्यातील एका गावी होते. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. मुक्काम शाळेच्या खोल्यांत, स्वयंपाकाला आचारी बरोबर नेलेला, आणि कार्यक्रम वृक्षारोपण व ग्रामस्वच्छता असा आधीच छापलेला. पहिले तीन दिवस आम्ही उत्साहाने खड्डे खणून रोपे लावली. शेतावरून येणारी एक म्हातारी बाई रोज थांबून पाहत असे. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “तुम्ही ग्यात मंग ह्या रोपस्ले पानी कोन टाकी रे भाऊ?” आम्ही हसलो. उत्तर कोणाजवळच नव्हते. ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येते तेथे ऐन हिवाळ्यात, पुढे उन्हाळा असताना, आम्ही रोपे लावीत होतो.

त्याच रात्री अवकाळी पाऊस आला. शाळेचे पत्रे गळू लागले आणि अंथरुणे भिजली. गावकऱ्यांनी कंदील-बॅटऱ्या घेऊन येऊन आम्हाला दोघा-दोघांत वाटून घरोघरी नेले. पुढचे तीन दिवस आम्ही तेथेच राहिलो. योगायोग असा, की आम्ही दोघे त्या म्हातारीच्याच धाब्याच्या घरात पडलो. सारे घर तिला मोठी माय म्हणे. आम्हीही म्हणू लागलो. कळण्याची भाकरी, भरताच्या वांग्याचे भरीत आणि वर कच्चे तेल, असे जेवण. रात्री चुलीपाशी गप्पा. पहिल्या तीन दिवसांत गावाविषयी जे कळले नव्हते ते त्या चुलीपाशी एका रात्रीत कळले. घरातील आप्पांनी पीकविम्याचा अर्ज आमच्यापुढे ठेवला आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसे कागद घेऊन बसली होती. कोणाचे रेशनकार्डातील नाव चुकलेले, कोणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडलेला. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. लिहिणे-वाचणे हीच आमची विद्या. गाव आपण होऊन आमच्याकडे आले ते केवळ या एकाच कामासाठी, आणि नेमके तेच आमच्या छापील कार्यक्रमात नव्हते.

येथपर्यंतची हकिगत सांगावयास गोड आहे. आता तिच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे.

ते कपाशी वेचणीचे दिवस होते. घरातील सून रोज वेचणीला जाई आणि किलोच्या भावाने मजुरी आणी. आम्ही राहावयास गेल्यापासून ती गेली नाही. पाहुण्यांना दोन वेळा गरम भाकरी करून घालावयाची, म्हणून ती घरी थांबली होती. हे आम्हाला निघण्याच्या दिवशी, तेही शेजारणीच्या बोलण्यातून कळले. तीन दिवसांची मजुरी आमच्या भाकरीपायी बुडाली होती. आम्ही पैसे पुढे केले तेव्हा मोठी माय दुखावली. जेवणाचे पैसे का कोणी घेते, असे म्हणून तिने तोंड फिरविले. आम्ही नोटा खिशात घातल्या आणि परत आलो. श्रमदान कोणी केले, असा प्रश्न त्या दिवसापासून मला पडला आहे. आम्ही लावलेली रोपे उन्हाळ्यात जळाली. त्या सुनेची मजुरी मात्र खरोखरच गेली.

आणखी एक गोष्ट नंतर ध्यानात आली. त्या रात्री आम्ही साऱ्या गावात वाटले गेलो असे आम्ही सांगत असू. वस्तुतः आम्ही गावठाणातच वाटले गेलो. गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीत एकही विद्यार्थी गेला नाही. कोणी मनाई केली नव्हती; कोणाला सुचलेच नाही, आणि आम्हीही विचारले नाही. ‘गाव’ म्हणताना आपण कोणती घरे मोजतो, याचा तो पुरावाच होता.

पाळीची पद्धत

या दोन्ही अडचणींवर काही गावांनी उत्तरे शोधली आहेत. नेपाळमधील सिरुबारी या गुरुंग लोकांच्या गावात १९९७ पासून पाहुण्यांना घरांत उतरविण्याची पद्धत सुरू झाली. पाहुणा कोणाकडे उतरणार हे पाहुणा ठरवीत नाही आणि घरमालकही ठरवीत नाही; गावाची समिती पाळीने ठरविते. दर ठरलेला असतो. त्यामुळे ज्याचे घर रस्त्यावर त्याचीच कमाई, असे होत नाही. आपल्याकडे अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या आदिवासी गावातही पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात-राहतात, आणि त्याचा मोबदला गावाला मिळतो. महाराष्ट्र शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे.

मोबदला ठरलेला असण्याचा मोठा फायदा असा, की देणाऱ्याला उपकार केल्यासारखे वाटत नाही आणि घेणारीला पाहुणचार विकल्यासारखे वाटत नाही. मोठ्या मायने आमच्या हातून नोटा घेतल्या नाहीत. गावाच्या बचत गटाकडून सुनेच्या नावे त्या आल्या असत्या तर कदाचित घेतल्या असत्या.

आपल्या जवळचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या गावाचे आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या आदिवासी पाड्याने सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. झाड तोडणाऱ्याला दंडाचा नियम गावाने स्वतः केला. दरवर्षी तेथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. स्त्रिया रानातल्या भाज्या रांधून मांडतात आणि बाहेरून आलेले लोक त्या चाखतात व समजून घेतात. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. येथे जाणारा विद्यार्थी गाव सुधारावयास जात नाही; जाणत्या गावाकडे शिकावयास जातो. बाहेरून आलेल्याची जागा कोणती, हे येथे गावानेच ठरवून टाकलेले आहे.

आपल्या शिबिरासाठी काही सूचना

या विवेचनावरून पुढील शिबिरांसाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) शिबिराच्या महिनाभर आधी चार-पाच विद्यार्थ्यांनी ग्रामसभेला जाऊन केवळ ऐकावे. काम गावाने सांगावे. ते अर्ज लिहिण्याचे निघाले तर अर्ज लिहावेत. खड्डेच खणले पाहिजेत असे नाही.

२) निदान दोन दिवसांचा मुक्काम घरांत असावा आणि पाळी गावाच्या महिला बचत गटाने लावावी. तीत प्रत्येक वस्ती असावी. विद्यार्थिनींची सोय त्यांच्या व घरच्या स्त्रियांच्या संमतीने व्हावी.

३) शिबिराच्या भोजनखर्चातील योग्य वाटा बचत गटाकडे द्यावा, आणि तो देताना घरातील स्त्रीची बुडणारी मजुरी हिशेबात धरावी.

४) समारोपानंतर तीन महिन्यांनी आणि उन्हाळ्यात पुन्हा गावी जावे. लावलेले झाड जगले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी नावानिशी ठरलेली असावी.

यावर असा आक्षेप येईल, की पैशाचा व्यवहार आला की आपुलकी संपते. या आक्षेपात तथ्य आहे. ज्या गावांचे पर्यटन फोफावले तेथे पाहुणा हा गिऱ्हाईक होऊन बसतो, हे नाकारता येत नाही. पण फुकट पाहुणचाराची किंमत घरातील कोणी तरी भरीतच असते, आणि ती बहुधा घरातील सर्वांत गप्प राहणारी व्यक्ती असते. हिशेब मांडल्याने आपुलकी कमी होत नसते. न मांडलेला हिशेब मात्र एकाच माणसाच्या माथी बसतो.

विद्यार्थिमित्रहो, एकचक्रेच्या कथेत भीमाचा पराक्रम आपण पुष्कळ गातो. मला कुंती अधिक मोठी वाटते. आपण ज्यांच्या घरी राहिलो त्यांचे आपण देणे लागतो, हे तिने कोणी न सांगता ओळखले, आणि यजमानाची पाळी स्वतःच्या घरावर घेतली. आपल्या शिबिराच्या अहवालात किती खड्डे खणले आणि किती रोपे लावली याचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : आपण कोणाची भाकरी खाल्ली, आणि ती कोणाच्या मजुरीतून आली.