संगणक अडतो तेव्हा

पनवेलजवळच्या सुकापूरचेच उदाहरण घेऊ. समजा, तेथील एका घरात जुना संगणक आहे. अब्बांनी तो पै-पै साठवून घेतला आहे. आपा त्यावर शिवणकामाचा हिशेब ठेवते. धाकटा भाऊ शाळेचा प्रकल्प लिहितो. दादीजान आता हयात नाहीत. पण त्यांची छायाचित्रे त्यात आहेत. हा संगणक काम करता करता एकाएकी थिजतो. पडद्यावरचा बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही. कोणी म्हणते, "सगळे पुसून नव्याने भरा." कोणी म्हणते, "नवाच घ्या." पहिल्या सल्ल्याने दादीजानची छायाचित्रे जातील; दुसऱ्याने घरची पुंजी जाईल. मग काय करावे?

चांगला हकीम आधी नाडी पाहतो, मग दवा देतो. आपणही तसेच करू.

प्रथम थोडा वेळ थांबा. मग कळफलकावरील कॅप्स लॉक ही कळ दाबा. तिचा दिवा लागला किंवा विझला, तर यंत्र बहुधा जागे आहे. एखादा प्रोग्रामच अडला आहे. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडून अडलेला प्रोग्राम बंद करा. काहीच चालले नाही, तर यंत्राचे मुख्य बटण काही सेकंद दाबून धरा. त्यामुळे न साठवलेले काम जाते. म्हणून हा उपाय शेवटचा.

संगणक पुन्हा सुरू झाला, की आधी छायाचित्रे आणि हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. दुरुस्ती नंतर! हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मुळीच उशीर करू नका. ती निकामी होण्याच्या बेतात असू शकते.

आता एक वही करा. संगणक केव्हा अडला, सुरू करून किती वेळ झाला होता, कोणते काम चालू होते, हे लिहा. मोठे शास्त्रज्ञही असेच करतात. १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात बिघाड झाला. शोध घेताना आत एक पतंग सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला!

नोंदींवरून अनुमान करता येते. अनेक प्रोग्राम एकदम उघडल्यावर संगणक अडतो, तर त्याची स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी पडत असेल. नवा प्रोग्राम भरल्यापासून अडतो, तर तो काढून पाहावा. वेळी-अवेळी अडतो, तर रॅमची पट्टी सैल असेल किंवा हार्ड डिस्क खराब होत असेल.

आपल्या उदाहरणातील घरात तो सकाळी नीट चालतो. दुपारी मात्र अर्ध्या तासात अडतो. यावरून उष्णतेचा संशय येतो. पनवेल परिसरातील हवा दमट असते. दमट हवेत धूळ पंख्याला चिकटून बसते. वारा अडला, की प्रोसेसर तापतो.

खात्री कशी करावी? संगणक बंद करून वायर काढावी. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी. विजेचा पुरवठा करणारी पेटी मात्र कधीही उघडू नये. मग त्याच वेळी, तेच काम करून पाहावे. अडला नाही, तर अनुमान खरे. अडला, तर पुढचे कारण तपासावे. एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर कोणत्या उपायाने गुण आला, ते कळत नाही.

इतके करूनही इलाज झाला नाही, तर दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. पण वही सोबत न्यावी. ती वाचून त्याचा वेळ वाचेल आणि आपला पैसा.

शब्दार्थ
थिजणे – हालचाल थांबणे
पुंजी – साठवलेला पैसा
अनुमान – अंदाज
दमट – ओलसर
गुण येणे – उपाय लागू पडणे

स्वाध्याय
१. दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे उतरवून का घ्यावीत?
२. उष्णतेचा संशय कशावरून आला?
३. 'एका वेळी एकच बदल करावा.' कारण लिहा.
४. हिशेब, इलाज, हयात हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी तीन शब्द शोधा.