चाळिशीनंतरची दुबार पेरणी



मृगाचा पाऊस पडतो, आपण पेरणी उरकतो आणि मग पाऊस ओढ देतो. कोवळे अंकुर डोळ्यांदेखत करपतात. अशा वेळी शहाणा शेतकरी रान पडीक टाकून बसत नाही. पहिली पेरणी का बुडाली याचा तो विचार करतो, मूठभर माती दाबून ओल पाहतो, कमी दिवसांत येणारे वाण निवडतो आणि पुन्हा पेरतो. शरीराच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण विसरतो. वजन उतरवण्याचा एक प्रयत्न फसला की "आता या वयात काय होणार!" असे म्हणून कायमचे थांबतो. आजचा पाठ अशा थांबलेल्यांसाठी आहे.

मी स्वतः त्यांपैकीच एक. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझे वजन ८६ किलो भरले. एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जायचे ते मोटारसायकलवरून, आणि घरोघरी गोड चहा. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी मी ठरवले : रोज पहाटे तीन किलोमीटर धावायचे आणि रात्रीचे जेवण बंद. नवव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. दोन आठवड्यांत रात्रीचे जेवण पूर्वीपेक्षा जास्तच होऊ लागले. पुढे सात महिने बूट पलंगाखाली पडून होते. चूक गुडघ्याची नव्हती, पेरणीच्या पद्धतीची होती.

"आम्ही कष्टकरी, आम्हांला व्यायाम कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपापल्या वर्षाचा हिशेब मांडून शोधावे. लावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत आपण खरोखर घाम गाळतो. पण इतर महिन्यांचे काय? नांगरणी ट्रॅक्टरने होते, चिखलणी पॉवर टिलरने, मळणी यंत्राने. खटका दाबला की पाणी येते. बांधापर्यंत दुचाकी जाते. घरातले जाते आणि उखळही अडगळीत गेले. कष्ट हलके झाले हे चांगलेच झाले. पण ताटातला भात मात्र आजोबांच्या मापाचाच राहिला.

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी करून ती १९५३ साली प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत जिना चढे-उतरे. दोघे एकाच गाडीवर, तरी हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले. ट्रॅक्टरच्या आसनावर दिवस घालवणाऱ्याने आपण या दोघांपैकी कोण, हे स्वतःलाच विचारावे.

पहिली पेरणी का बुडते?

एक, आपण विशीतले बियाणे चाळिशीच्या रानात टाकतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारणपणे ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. पुन्हा व्यायाम सुरू केला की दम काही आठवड्यांत वाढतो. सांधे आणि शिरा बळकट व्हायला मात्र महिने लागतात. दम आहे म्हणून धावणारा गुडघा गमावतो.

दोन, आपण उपाशी राहतो. उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि भूक सव्याज परत येते.

तीन, आपण व्यायामाकडून भलती अपेक्षा धरतो. सत्तर किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर सुमारे १३० कॅलरी खर्च होतात. दोन कप गोड चहा घेतला की तेवढ्या भरून निघतात. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून. व्यायामाचे काम वेगळे : तो स्नायू राखतो, रक्तातील साखर व रक्तदाब ताब्यात ठेवतो आणि उतरलेले वजन पुन्हा चढू देत नाही.

नुसत्या काट्यावर विसंबू नये

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. आपल्याकडील माणूस दिसायला बेताचा असला तरी आत चरबी असू शकते, आणि ती बहुधा पोटाभोवती साठते. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेप वापरावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, उभे राहून, श्वास सहज सोडून मोजावे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

दुसरी गोष्ट अधिक धीर देणारी आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली ५३१ माणसे त्यात होती. सरासरी वय ४६. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत शेकडा ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या आहाराकडे आणि रोजच्या अर्धा तास चालण्याकडे लक्ष पुरवले गेले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ वर आले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरलेच नव्हते. तेव्हा काटा हलला नाही म्हणून व्यायाम वाया गेला असे समजू नये.

दुबार पेरणी अशी करावी

१. आधी ओल पाहावी. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार व व्यायाम बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. साखर एकाएकी फार उतरू शकते. अशांनी अनवाणी चालू नये आणि रोज तळपाय पाहावेत. चालताना छातीत दाब, डाव्या हातात कळ, भोवळ किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप वाटल्यास तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

२. थोडे पेरावे. पहिल्या आठवड्यात रोज दहाच मिनिटे चालावे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. आठवड्यातून पाच दिवस असे चालल्यास १५० मिनिटे भरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप तेवढेच आहे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत वेग ठेवावा. पावसाळ्यात पडवीत चालले तरी चालते.

३. स्नायूंना काम द्यावे. आठवड्यातून दोन दिवस, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीला हात लावून दहा वेळा रेटा द्यावा. झेपेल तसे वाढवावे.

४. ताटाची वाटणी बदलावी. भात एक मूद कमी, आणि तिच्या जागी उसळ, भाजी, अंडे किंवा मासळी. भात सोडू नये, मोजावा. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर, अर्थात २०० कॅलरी. चमचा अर्धा करावा. दारूतही कॅलरी आहेत, हे फेस्ताच्या दिवशीही विसरू नये. भगिनींना एक सांगणे : उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून ते स्वतःच्या पोटात घालू नका. सकाळी न्याहारीला वापरा किंवा मुळात कमी शिजवा.

५. खाडा धरून चालावे. सुगी येईल, लग्न येईल, घरात आजारपण येईल. तीन दिवस चुकले तर चौथ्या दिवशी दुप्पट चालून भरपाई करू नये. पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. खाड्याने पीक बुडत नाही. "आता झालेच" असे म्हणून रान सोडल्याने ते बुडते.

माझी दुसरी पेरणी ऑगस्टमध्ये झाली, पडवीत, दहा मिनिटांची. वर्षभरात तीन वेळा खंड पडला. वजन ८६ वरून ८१ वर आले. पाच किलो म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे. पण गुडघ्याच्या विकारावरील अभ्यासात असे दिसले आहे की, एक किलो वजन उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. म्हणजे माझ्या गुडघ्याचे वीस किलोंचे ओझे उतरले, आणि टेकडीवरच्या वाडीला मी आता चालत जातो.

आज संध्याकाळी टेप घ्या, घेर मोजा आणि आकडा दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवा. उद्या सकाळी दहा मिनिटे चाला. रान आपले आहे, आणि ओल अजून गेलेली नाही.