'अनॉन' : एका शब्दाची उतरण

इंग्रजीत 'अनॉन' असे एक जुने क्रियाविशेषण आहे. आज ते बोलण्यात सहसा येत नाही. जुन्या नाटकांत मात्र वारंवार भेटते. 'लवकरच, थोड्या वेळाने' असा त्याचा अर्थ कोशात आढळतो. परंतु हा त्याचा मूळचा अर्थ नव्हे.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'आन' म्हणजे एक. 'ऑन आन' म्हणजे 'एकात', अर्थात मध्ये खंड न पडता, तडक. मराठीतील 'एकदम' या शब्दाची घडण काहीशी अशीच आहे. त्यातील 'दम' म्हणजे फारसी भाषेतील श्वास होय.

मग 'तडक'चे 'थोड्या वेळाने' कसे झाले? दोष शब्दाचा नाही, तो उच्चारणाऱ्यांचा आहे. 'आलोच' म्हणणारा मनुष्य बहुधा जागचा हललेला नसतो! १५९७ च्या सुमारास लिहिलेल्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात शेक्सपिअरने हे मोठ्या गमतीने दाखविले आहे. मद्यगृहात फ्रान्सिस नावाचा एक पोरगा आहे. त्याच्या उमेदवारीची अजून पाच वर्षे उरली आहेत. राजपुत्र त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवितो आणि त्याचा सोबती पलीकडच्या खोलीतून हाका मारीत राहतो. प्रत्येक हाकेला फ्रान्सिस 'अनॉन' म्हणून ओ देतो. शेवटी दोघेही एकदम हाक मारतात, तेव्हा तो गोंधळून जागीच उभा राहतो. थट्टा राजपुत्राची होते, पण फजिती त्या बिचाऱ्या पोराची.

'सून' आणि 'प्रेझेंटली' हे शब्दही एके काळी 'तत्काळ' याच अर्थाचे होते. त्यांचीही हीच गत झाली.

अर्थ असा सरकला की जुना ग्रंथ वाचताना घोटाळा होतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात पेरणाऱ्याचा दृष्टान्त आहे. खडकाळ जमिनीत माती उथळ असते, म्हणून तेथे बी झटकन उगवते आणि उन्हाने तितक्याच लवकर करपते. उपदेश ऐकताच आनंदाने स्वीकारणाऱ्या, पण संकट येताच डळमळणाऱ्या मनुष्याला त्या बीची उपमा दिली आहे, आणि त्या 'ऐकताच'साठी तेथे 'अनॉन' हा शब्द आहे. 'थोड्या वेळाने' असे कोणी वाचले, तर तो उतावळा मनुष्य विचारी ठरतो आणि दृष्टान्ताचा प्राणच जातो. म्हणून १८८१ च्या सुधारित आवृत्तीत तेथे 'तडक' या अर्थाचा 'स्ट्रेटवे' हा शब्द घातला गेला. आता तोही जुना झाला आहे.

इंग्रजी कवितेखाली कवीच्या नावाऐवजी कधी कधी 'अनॉन' असे छापलेले असते. ते 'अनॉनिमस', म्हणजे निनावी, या ग्रीक मूळ असलेल्या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. त्याचा या क्रियाविशेषणाशी काहीही संबंध नाही.