कांदा-लसूण : लागवडीपूर्वीची तयारी

कांद्याचे पीक शेतात उभे राहण्यापूर्वी दीड ते दोन महिने रोपवाटिकेत वाढत असते. लागवडीनंतरच्या खत-पाण्याकडे शेतकरी जितके लक्ष पुरवितो, तितके लक्ष या दोन महिन्यांकडे पुरविले जात नाही, असे बहुधा आढळून येते. परंतु जुन्या बियाण्याचे, दाटीत वाढलेले किंवा वय उलटून गेलेले रोप एकदा शेतात गेले की त्याची उणीव पुढे कोणत्याही खताने भरून निघत नाही. वऱ्हाडात थंडीचा काळ थोडा आणि उन्हाळा तीव्र असल्याने चुकलेले रोप दुसऱ्यांदा टाकण्यास सवड मिळत नाही. यास्तव अकोल्याच्या जठारपेठेसारख्या शहरी वस्तीतील परसबाग असो वा पूर्णेच्या खोऱ्यातील पाच एकरांचे बागाईत असो, लागवडीपूर्वीची तयारी शास्त्रशुद्ध रीतीने करणे हेच या पिकाचे पहिले मर्म होय.

बियाण्याची निवड व परीक्षा

कांद्याचे बी फार काळ टिकत नाही. साधारण परिस्थितीत साठविलेल्या बियाण्याची उगवणशक्ती एका पावसाळ्यातील दमट हवेनेच झपाट्याने घटते. म्हणून त्याच वर्षीच्या मार्च ते मे महिन्यांत निघालेले बी वापरावे व गतवर्षीचे उरलेले बी पारखल्याशिवाय पेरू नये.

परीक्षेची रीत सोपी आहे. न निवडता १०० बिया मोजून घ्याव्यात. ओल्या स्वच्छ फडक्यावर त्या अंतराअंतराने मांडून फडके हलक्या हाताने गुंडाळावे आणि सावलीत ठेवून ओलसर राखावे. बाराव्या दिवशी निरोगी कोंब आलेल्या बिया मोजाव्यात. प्रमाणित बियाण्यात १०० पैकी किमान ७० बिया उगवावयास पाहिजेत.

या परीक्षेचे महत्त्व पुढील हिशेबावरून ध्यानी येईल. १५ × १० सेंटिमीटर अंतरावर लागवड केल्यास एका हेक्टरास सुमारे ६ लाख ६६ हजार रोपे लागतात. एक किलो बियाण्यात अडीच ते तीन लाख बिया असतात. हेक्टरी ५ ते ७ किलो बी पुरेसे मानले आहे. परंतु उगवण शेकडा ३५ असेल, तर ६ किलो बियाण्यापासून एकही रोप न मरता अधिकात अधिक ६ लाख ३० हजार रोपे मिळतील. म्हणजे मर, कीड व निवडीतील तूट धरण्यापूर्वीच शेताचा काही भाग रिकामा राहील. ही गोष्ट पेरणीपूर्वी फडक्यावर कळली तर बियाण्याच्या किमतीपुरते नुकसान होते. वाफ्यात कळली तर हंगामच हातचा जातो.

जातीची निवड हंगामानुसार करावी. खरिपासाठी एन-५३, बसवंत ७८०, भीमा सुपर यांसारख्या जाती व रब्बीसाठी एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण यांसारख्या जाती योग्य आहेत. पांढऱ्या कांद्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘अकोला सफेद’ ही जात उपलब्ध आहे. खरिपाची जात रब्बीत लावल्यास डेंगळे व जोडकांदे अधिक येतात, म्हणून दुकानात केवळ ‘कांद्याचे बी’ असे न मागता जातीचे व हंगामाचे नाव घेऊनच बी घ्यावे.

जागा व पाणी

एका हेक्टराच्या लागवडीसाठी ५ गुंठे रोपवाटिका पुरते. एका एकरासाठी २ गुंठे धरावी. जागा उंचवट्याची, निचऱ्याची, दिवसभर ऊन मिळणारी व विहिरीजवळ असावी. मागील हंगामात जेथे कांदा किंवा लसूण होता ती जागा टाळावी.

वऱ्हाडात पाण्याची प्रत हा विशेष विचाराचा विषय आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांचा काही भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारे असून काळी भारी माती त्या पाण्याने अधिकच चोपण होते. कांदा हे क्षार सोसणारे पीक नव्हे. जमिनीची क्षारता १.२ डेसिसायमन प्रति मीटर या मर्यादेपलीकडे गेली की त्याचे उत्पन्न घटू लागते, आणि कोवळ्या रोपास तर हा त्रास अधिकच होतो. पातीचे शेंडे करपणे व उगवण विरळ होणे ही याची लक्षणे होत. शेतकरी पुष्कळदा त्यास रोग समजून औषध फवारतो व खर्च वाया जातो.

अशा ठिकाणी शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी रोपांसाठी राखून ठेवावे. पाच गुंठ्यांस दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले तर सुमारे २,५०० लिटर लागते. इतके गोडे पाणी जमविणे पुष्कळांस शक्य असते. मात्र रोप गोड्या पाण्यावर वाढवून खाऱ्या पाण्याच्या शेतात लावणे म्हणजे हानी केवळ दोन महिने पुढे ढकलणे होय. माती व पाणी या दोहोंची तपासणी करून घेतल्यावरच लागवडीचे क्षेत्र ठरवावे.

गादीवाफे

वऱ्हाडची काळी माती पाणी धरून ठेवते. सपाट वाफ्यात पाणी साचून रोपांच्या मुळांना हवा मिळत नाही व बुरशीजन्य रोगाने रोपे जमिनीलगत कोलमडतात. म्हणून १ मीटर रुंद, ३ मीटर लांब व १० ते १५ सेंटिमीटर उंच असे गादीवाफे करावेत. दोन वाफ्यांत ३० सेंटिमीटर वाट ठेवावी. पाच गुंठ्यांस सुमारे अर्धा टन चांगले कुजलेले शेणखत चाळून मिसळावे. कच्चे शेणखत घालू नये; त्याबरोबर तणांचे बी येते.

येथील उन्हाळ्याचा एक उपयोगही करून घेता येतो. एप्रिल-मे महिन्यांत वाफ्याची जागा भिजवून तीवर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घट्ट पसरावा व कडा मातीने दाबून ४ ते ६ आठवडे तसाच ठेवावा. आत कोंडलेल्या उष्णतेने रोगकारक बुरशी व तणांचे बी पुष्कळ अंशी नष्ट होते. अकोल्याचे जे ऊन पिकांना होरपळविते, तेच येथे विनामूल्य औषधाचे काम करते.

पेरणी व निगा

पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. बी फोकून न टाकता ५ ते ७.५ सेंटिमीटर अंतरावरील ओळींत, १ ते १.५ सेंटिमीटर खोल पेरावे. फोकलेले बी कोठे दाट, कोठे विरळ पडते. दाटीतील रोपे उंच परंतु अशक्त होतात आणि तेथूनच मर पसरू लागते. बी चाळलेल्या शेणखताने झाकून त्यावर गव्हाच्या कुटाराचा पातळ थर द्यावा व झारीने पाणी द्यावे. सहा ते आठ दिवसांत कोंब दिसू लागताच कुटार संध्याकाळी काढून टाकावे. ते एक-दोन दिवस अधिक राहिल्यास कोंब पिवळे व लांबट होतात.

पुढे पाणी बेताने द्यावे. माती सदैव चिखलासारखी ठेवणे हे मर रोगास आमंत्रण होय. विसाव्या दिवसाच्या सुमारास खुरपणी करावी.

खरिपाचे रोप मे अखेरीपासून जूनमध्ये टाकतात. त्या वेळी वऱ्हाडातील ऊन कडक असते, म्हणून वाफ्यांवर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा हलका मांडव घालावा अथवा शेडनेट वापरावी. रोपे स्थिरावल्यावर सावली हळूहळू कमी करावी. जोराच्या पावसात वाफ्यांतील बी वाहून जाऊ नये म्हणून वाटांतून पाण्यास उतार काढून द्यावा.

रोपाचे योग्य वय

खरिपाचे रोप ३५ ते ४० दिवसांत व रब्बीचे रोप ५० ते ५५ दिवसांत लागवडीस तयार होते. शेत तयार नाही किंवा मजूर मिळत नाहीत म्हणून रोप वाफ्यातच वाढू देणे अतिशय हानिकारक आहे. जाड मानेचे, वयस्क रोप डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सापडले की कांदा पोसण्याऐवजी फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, काढते. उलट उशिरा टाकलेले कोवळे रोप मार्चच्या उष्णतेत सापडते; तेव्हा पुरेशी पात वाढण्यापूर्वीच कांदा धरू लागतो व तो लहान राहतो. म्हणून मुख्य शेताची मशागत व मजुरांची व्यवस्था पाहूनच बी पेरण्याचा दिवस ठरवावा.

उपटण्यापूर्वी काही दिवस पाणी तोडावे, म्हणजे रोपे काटक होतात. उपटण्याच्या २४ तास आधी मात्र वाफे भरपूर भिजवावेत, म्हणजे मुळे तुटत नाहीत. पेन्सिलीएवढी जाड व सुतासारखी बारीक अशी दोन्ही प्रकारची रोपे काढून टाकावीत. पातीचा वरचा एक तृतीयांश भाग छाटून लागवड करावी.

लसूण

लसणाचे रोप करीत नाहीत, पाकळीच लावतात. त्यामुळे बेण्याची निवड हीच त्याची पूर्वतयारी होय. रोगट गड्ड्याची पाकळी लावल्यास त्यातील विषाणू नव्या पिकातही उतरतात. गोदावरी, श्वेता, यमुना सफेद, भीमा ओंकार, भीमा पर्पल या मैदानी भागातील जाती आहेत. बाजारातील मोठ्या पाकळ्यांचा खाण्याचा लसूण बेणे म्हणून घेऊ नये. तो थंड डोंगरी प्रदेशातील, दीर्घ दिवसाचा असल्यास येथे नुसती पात वाढते व गड्डा धरत नाही.

गड्डे लागवडीच्या वेळीच फोडावेत. आधी फोडून ठेवलेल्या पाकळ्या सुकतात. बाहेरील, ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या भरदार पाकळ्या निवडाव्यात आणि मधल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकघरात द्याव्यात. हेक्टरी ४०० ते ५०० किलो बेणे लागते. पाकळ्या मोठ्या असल्यास अधिक लागते. टोक वर ठेवून, सुमारे २ सेंटिमीटर खोल व १५ × १० सेंटिमीटर अंतरावर लागण करावी. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हा काळ साधावा. पुरेशी थंडी न मिळाल्यास गड्ड्यात पाकळ्या न पडता एकच गोल गाठ तयार होते.

कंदापासून लागवड

तामिळनाडूत सांबारासाठी वापरला जाणारा, घोसाने वाढणारा छोटा कांदा कंद लावून घेतात. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या सुधारित जाती दिल्या आहेत. वऱ्हाडात त्याची लागवड विशेष होत नाही. परंतु कंदाची कल्पना येथील खरिपास उपयोगी पडते. जानेवारीच्या उत्तरार्धात खरीप जातीचे बी दाट पेरून एप्रिल-मे महिन्यांत दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाच्या कांद्या काढतात, पातीसह हवेशीर जागी टांगतात व ऑगस्टमध्ये लावतात. त्यामुळे पावसाळी रोपवाटिकेचा धोका टळतो.

परसबागेसाठी

शहरात ५ ग्रॅम बी पुरेसे होते. त्यापासून ६०० ते ७०० निवडक रोपे मिळून सुमारे १० चौरस मीटर जागा लागते. तळाला छिद्रे असलेल्या लाकडी खोक्यात माती, वाळू व शेणखत समभाग घालून बी पेरावे. खोके सकाळच्या उन्हात ठेवावे. केवळ सावलीत वाढलेले रोप बाहेर लावताच माना टाकते.

स्मरणात ठेवण्याच्या गोष्टी

१. सप्टेंबर : माती व पाणी तपासणी, १०० बियांची उगवण परीक्षा.
२. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य : रब्बी कांद्याची गादीवाफ्यांवर पेरणी, लसणाची लागण.
३. डिसेंबर ते जानेवारीचा प्रारंभ : ५० ते ५५ दिवसांच्या निवडक रोपांची लागवड.
४. एप्रिल-मे : पुढील खरिपासाठी वाफ्यांच्या जागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन.

माती-पाण्याचा अहवाल समजून घेण्यासाठी व जातीच्या निवडीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला पेरणीपूर्वीच घ्यावा. बी वाफ्यात पडल्यानंतर विचारलेल्या सल्ल्याचा उपयोग पुढच्या हंगामास होतो, चालू हंगामास नव्हे.