खेड्यातील घरासाठी दुसरी गाडी : घेण्यापूर्वी काय पाहावे?

कापडाच्या धंद्यात 'सेकंड' म्हणजे डागी माल. ताक्यात कुठे धागा तुटलेला असतो, कुठे रंग उतरलेला असतो. डाग कुठे आहे हे ठाऊक असेल तर असा माल घेण्यात तोटा नाही. ठाऊक नसेल तर स्वस्तही महाग पडते. जुन्या मोटारीचा मामला असाच आहे. तालुक्याच्या गावी व खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आमच्या अनेक व्यापारी बांधवांकडे मालासाठी टेम्पो किंवा पिकअप आहे आणि घरासाठी एखादी लहान जुनी गाडी घेण्याचा विचार चाललेला असतो. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आमचा अनुभव येथे मांडत आहोत.

दुसरी गाडी म्हणजे चैन, असे आम्हीही पूर्वी म्हणत असू. आठवडी बाजाराला टेम्पो पहाटे निघतो तो रात्रीच परततो. अशाच एका बाजाराच्या दिवशी घरी अम्मींच्या छातीत दुखू लागले आणि टेम्पो ६० किलोमीटरवर होता. शेजाऱ्यांनी आपल्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेले. अल्लाहच्या कृपेने त्या वेळेवर पोहोचल्या. दुसऱ्या गाडीकडून काय हवे हे त्या दिवशी आम्हाला कळले. आठ-आठ दिवस दारात उभी राहूनही भर पावसात, मध्यरात्री, पहिल्या किल्लीला ती सुरू झाली पाहिजे. दिसणे, वेग, थंड हवा हे सर्व नंतर.

तरीही पहिल्या खेपेस आम्ही चुकलोच. शहरातील एका विक्रेत्याकडे चकचकीत डिझेल गाडी स्वस्तात मिळाली. डिझेल कमी खाते, हा आमचा हिशेब. पावसाळ्यात तिच्या इंजेक्टरचे काम निघाले. आमच्या गावच्या मिस्त्रीने हात जोडले. असल्या नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला तपासणीचे यंत्र लागते, ते जिल्ह्याच्या ठिकाणी. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून न्यावी लागली आणि १९ दिवस तिथे पडून राहिली.

हिशेब आधीच मांडायला हवा होता. महिन्याला ५०० किलोमीटर धावणे धरा. पेट्रोल १०० रुपये व लिटरला १८ किलोमीटर धरले तर खर्च सुमारे २७८० रुपये. डिझेल ९० रुपये व लिटरला २२ किलोमीटर धरले तर सुमारे २०४५. वर्षाची बचत ९००० रुपयांच्या आतच, आणि इंजेक्टरचे एक काम ती गिळून टाकते. रोज लांबचा प्रवास असेल तर गोष्ट वेगळी; कमी धावणाऱ्या दुसऱ्या गाडीस साधे पेट्रोल इंजिनच बरे. सीएनजीचा पंप जवळ असेल तरच त्याचा विचार करावा.

म्हणून गाडी निवडण्यापूर्वी आपल्या गावच्या मिस्त्रीला विचारावे की, कोणती गाडी तू डोळे मिटून उघडतोस? बहुतेक ठिकाणी उत्तर मारुतीच्या लहान गाड्यांचे येईल. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे ती आता फार जुनी होत चालली आहे. अल्टो ८०० ही २०२३ पर्यंत निघत होती. माणसे कमी असतील तर ती पुरते. माणसे जास्त असतील, अधूनमधून कापडाचे गठ्ठेही न्यायचे असतील तर २०१० साली आलेली ईको बघावी. तिची मागची चाके ओढतात, म्हणून भरलेली गाडी चढ चांगला चढते. पेट्रोल मात्र अल्टोपेक्षा अधिक खाते. दोन्हींच्या मध्ये वॅगन-आर. पैसे थोडे वाढवता आले तर २०१९ नंतरची गाडी घ्यावी, कारण त्या वर्षी चालकापुढील एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली.

आता ऐब शोधण्याविषयी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पूर आला. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात विकल्या जातात. भिजलेला ताका आपण इस्त्री पाहून नव्हे, घडी उलगडून ओळखतो. तसेच येथे करावे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत चिखलाची रेघ दिसेल. पायाखालचे गालिचे उचलावे, स्टेपनीच्या खळग्यात हात घालावा, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजले आहेत का पाहावे. आणि इंजिन थंड असताना, सकाळी जावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन काहीच सांगत नाही.

विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. ऐब लपवला असेल तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क फिकहने दिला आहे, आणि 'जशी आहे तशी' म्हटल्याने माहीत असलेला दोष लपवण्याची सूट मिळत नाही.

सर्वांत मोठा धोका कागदांचा आहे. ओळखीच्या व्यवहारात कोऱ्या फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन गाडी नेतात आणि नाव बदलायचे राहून जाते. विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करावा, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते (गाडी त्याच राज्यातील असेल तर). सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे ठरवले की, गाडी कितीही हातांत फिरली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे गाडी विकून पैसे खर्च झाले तरी दुसऱ्याच्या अपघाताची भरपाई तुमच्या दारी येऊ शकते. चेसिस व इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून पाहावा, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घ्यावे, थकलेली चलाने तपासावी. १५ वर्षे झालेली गाडी असेल तर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीत धरावा. दिल्लीकडची स्वस्त गाडी असेल तर तेथील ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हेही धरावे.

व्याजाच्या कर्जात न पडता रोख जमवून घ्यावी. विक्रेता ओळखीचा असून हप्ते देत असेल तर एकच किंमत ठरवून, हप्त्यांच्या तारखा लिहून, दोन साक्षीदार घ्यावेत. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आमच्या बाजारात ती विणकर व व्यापारी पाळतात, पण गाडी घेताना कशी कोण जाणे, विसरतात.

एक गोष्ट राहिली. आम्ही दुसऱ्या खेपेस पेट्रोलची लहान गाडी घेतली, पण बाजाराच्या दिवशी घरातले सर्व पुरुष टेम्पोबरोबर गेलेले. मग गाडी चालवणार कोण? तेव्हा सूनबाईंनी शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. त्या दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्या. आता अम्मींना तपासणीला त्याच नेतात, आणि दुकानाची चिल्लर वसुलीही आणतात.