अहवालातल्या एकट्या आकड्यावर विसंबू नका

कार्बन फायबरच्या प्लेटमधला अवशिष्ट ताण मोजून घेणार असाल, तर प्रयोगशाळेला आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा.

बोरीवली पूर्वेला एका औद्योगिक गाळ्यात ड्रोनच्या सांगाड्यासाठी प्लेटा बनतात. मी तिथला तांत्रिक सल्लागार. ओव्हनमधून प्लेट सपाट निघायची, पण वजन कमी करायला एका बाजूने खाच मारली की वाकायची. मालकांनी बाहेरून चाचणी करून घेतली. अहवालात एकच आकडा आला, इतके मेगापास्कल दाब. त्यावरून दोष रेझिनवर गेला, महागडं रेझिन आलं, माल तरीही वाकला आणि एक ऑर्डर हातची गेली. मग तो अहवाल माझ्यापुढे आला.

बारीक भोक पाडायचं आणि त्याभोवतीच्या स्ट्रेन गेजवरून ताण काढायचा, ही पद्धत त्यात वापरली होती. पद्धत खरी आहे; जर्मनीत योसेफ माथार यांनी ती १९३४ मध्ये मांडली. गणित मात्र एएसटीएम ई८३७ या प्रमाणकाचं होतं, आणि ते सर्व दिशांना सारखे गुणधर्म असणाऱ्या पदार्थांसाठी, म्हणजे मुख्यतः धातूंसाठी आहे. कार्बनचा थर तंतूंच्या दिशेने आडव्यापेक्षा दहा-पंधरा पट ताठ असतो. अशा पदार्थाला धातूचं सूत्र तसंच लावता येत नाही, हे शेजर आणि यांग यांनी १९९४ मध्येच दाखवलं आहे.

त्याहून मोठा घोळ ‘एका आकड्या’चा. १२० अंशांवर घट्ट झालेली प्लेट ३० अंशांवर आली की प्रत्येक थर तंतूंच्या आडव्या दिशेने मीटरमागे सुमारे २.७ मिलिमीटर आकसू पाहतो. तंतूंच्या दिशेने जवळजवळ मुळीच नाही. काटकोनातला शेजारचा थर त्याला आकसू देत नाही. ढोबळ हिशेबाने आडव्या दिशेत २० ते २५ मेगापास्कल ओढ बसते, आणि त्या दिशेने थर फाटायला साधारण ५० पुरतात. म्हणजे भार पडण्याआधीच जवळपास निम्मी ताकद खर्ची! एका थरात ओढ, दुसऱ्यात दाब, आणि पूर्ण जाडीची बेरीज शून्य. खाच मारताना एका बाजूचे थर जातात, तोल ढळतो, प्लेट वाकते. रेझिनचा यात काही दोष नव्हता. उरलेल्या जाडीतही थर सममित राहतील अशी खाच दोन्ही बाजूंनी घेतली, तेव्हा काम मार्गी लागलं.

चाचणी सांगताना एवढं सांभाळा.

१. थरांचे कोन, क्रम आणि जाडी लिहून द्या. ताण थरागणिक मागा. प्रीप्रेगचा, म्हणजे आधीच रेझिन भरलेल्या तंतूंच्या पत्र्याचा, थर बहुधा ०.१२५ ते ०.२५ मिलिमीटरचा असतो, तेव्हा भोक टप्प्याटप्प्याने खोल नेत वाचन घ्यायला सांगा, आणि टप्पे त्याहून लहान हवेत. भोकाच्या निम्म्या व्यासापलीकडच्या खोलीचं वरच्या गेजला फारसं कळत नाही. तिथल्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका.

२. कार्बन धार लवकर बोथट करतो. प्रत्येक भोकाला नवा कटर लावायला सांगा, आणि टप्पा झाला की गार होऊ देऊन मगच वाचन. भोकाची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. थर सुटले असतील तर ते वाचन बाद.

३. गेज ३५० ओहमचा आणि व्होल्टेज कमी ठेवा. या प्लेटमधून उष्णता धातूसारखी पटकन निघून जात नाही, त्यामुळे गेज स्वतःच तापतो आणि खोटं वाचन देतो.

४. प्रत्येक बॅचबरोबर अर्धे थर ० अंशात, अर्धे ९० अंशात, अशी एक पातळ पट्टी शिजवा. ती वाकणारच, वाक मोजून ठेवा. पुन्हा तापवताना ती ज्या तापमानाला सरळ होते, तिथे ताण जवळपास शून्य. एवढ्या पट्टीवरून प्रयोगशाळेचा आकडा ताडून पाहता येतो.

५. पावसाळा विसरू नका. रेझिन ओलावा शोषून फुगतं आणि थंड होतानाचं आकसणं काही अंशी भरून निघतं. मे महिन्यातली पट्टी ऑगस्टमध्ये कमी वाकलेली दिसली, तर प्रक्रिया सुधारली असं समजू नका. नमुने सुकवून मोजा, आणि तारीख, आर्द्रता, साठवण नोंदवा.

कोणता थर, कोणतं तापमान, कोणतं सूत्र, हे तिन्ही ज्या अहवालात नाही, त्याच्या भरवशावर रेझिन बदलू नका. आधी अहवाल परत पाठवा.