सातबारा बघ, मग बोट दाखव

बेटा, सीताबर्डीच्या ऑफिसात सर्व्हरची जबाबदारी तुझ्याकडे आली, ऐकून जीव सुखावला. आता अनोळखी आयपी दिसला की तुझे हात शिवशिवणार, ते मला ठाऊक आहे. म्हणून हे ऐकून ठेव.

१. आधी पत्ता घरचा की बाहेरचा ते बघ — १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा, अथवा १७२.१६ ते १७२.३१ मधला पत्ता आतल्या नेटवर्कचा असतो. गोठ्यातला बैल बाजारात शोधू नये.

२. पत्ता कोणाच्या नावावर आहे ते व्हूइजला विचार, आणि त्याचं उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाच — वर 'एपनिक, ब्रिस्बेन' दिसलं म्हणून ऑस्ट्रेलियातून कोणी घुसलं असं नसतं. ती आशिया-पॅसिफिकमधल्या आयपी पत्त्यांची नोंदवही सांभाळणारी संस्था. भारतापुरतं हे काम २०१२ पासून निक्सीची आयआरआयएनएन बघते.

३. पहिल्या आकड्यावरून देश ठरवू नको — एप्रिल २०११ मध्ये एपनिककडे १०३ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा शेवटचा गठ्ठा उरला आणि एकेका संस्थेला फार तर १,०२४ पत्ते मिळू लागले. त्यामुळे १०३ मध्ये आपले छोटे इंटरनेटवाले आहेत, तसे बांगलादेशचेही.

४. नोंदीतलं नाव सातबाऱ्यावरच्या नावासारखं समज — शेत कंपनीचं, पण त्या रात्री नांगर कोणी धरला ते तिच्याच लॉगात असतं. सातबारा मालक सांगतो, पावलं सांगत नाही.

५. आयपीचं ठिकाण दाखवणाऱ्या साइटच्या नकाशावर मुंबई दिसली तरी माणूस आपल्या नागपूरच्या महालातला असू शकतो — ती साइट अंदाज बांधते, आणि कधी कधी कंपनीच्या कचेरीचंच गाव दाखवते.

६. लॉगातली वेळ कोणती ते आधी तपास — यूटीसीत २०:१५ म्हणजे नागपुरात रात्रीचे पावणेदोन, आणि तारीखही पुढची. तक्रारीत सोर्स पोर्टही लिही. हल्ली एकाच पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसलेली असतात, नुसत्या आयपीवरून कंपनीलाही माणूस सापडत नाही.

७. बंद करायचाच तर तेवढाच पत्ता बंद कर, आणि शेजारी तारीख व कारण लिहून ठेव — मी एकदा रागाच्या भरात अख्खा पट्टा अडवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचीच जुनी गिऱ्हाइकं आत येऊ शकत नव्हती, आणि पत्ते अडवणारी ती ओळ कोणी, कशासाठी टाकली हे शोधण्यात बाकीच्यांची संध्याकाळ गेली. त्यातल्या एकाचं बिल त्याच दिवशी भरायचं होतं. ते अजून मनाला लागतं.

८. नोंदीत अब्यूजचा ईमेल असतो, तिथे लॉगाच्या चार ओळी जोडून नम्रपणे लिही — बहुतेक वेळा समोरच्या बिचाऱ्याच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलेला असतो, त्याला कुणीतरी सांगायलाच हवं.

९. आणि कुणाचे पैसे गेले असतील तर व्हूइज राहू दे, आधी १९३० ला फोन लाव — पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. आयपी काय, तो लॉगात उद्याही असेल.